प्रकल्प नोंदी : सर्वांत जड ताऱ्यांचा तक्ता

२ ऑगस्ट २०२५

तक्त्याचे काम आज हाती घेतले. भिंतीवर लावता येईल असा एकच मोठा कागद, त्यावर माहीत असलेल्या सर्वाधिक वस्तुमानाच्या दहा ताऱ्यांची नावे, आणि प्रत्येक नावासमोर वस्तुमान, तेजस्विता, पृष्ठभागाचे तापमान, त्रिज्या, आयुष्य व शेवट असे सहा रकाने, एवढाच आराखडा सध्या डोक्यात आहे.

शीर्षक आधी ‘सर्वांत मोठे तारे’ असे लिहिले आणि तासाभरातच खोडले. मोठा म्हणजे आकाराने की वस्तुमानाने, हा घोळ पहिल्याच ओळीत नको होता. व्हीवाय कॅनिस मेजॉरिस या तांबड्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १४२० पट आहे. तो सूर्याच्या जागी ठेवला तर गुरूची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल, पण त्याचे वस्तुमान मात्र वीसएक सूर्यांच्या आसपासच भरते. म्हणजे तो फुगलेला आहे, भरलेला नाही. उलट माझ्या तक्त्यात ज्यांना वरच्या ओळी द्यायच्या आहेत, त्या ताऱ्यांची त्रिज्या सूर्याच्या वीस ते चाळीस पटच असते आणि त्यांचा रंग निळसर पांढरा असतो. ‘जड’ हा शब्द शास्त्रीय नाही, तरी वाचणाऱ्याला तो लगेच कळतो, म्हणून शीर्षकात तोच ठेवला.

५ ऑगस्ट

पहिली ओळ आर१३६ए१ या ताऱ्याची. मोठा मॅजेलानिक मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारची एक छोटी दीर्घिका; तिच्यातील टॅरेंटुला तेजोमेघाच्या मधोमध आर१३६ हा दाट तारकागुच्छ आहे, आणि हा तारा त्याच्या गाभ्यात बसलेला आहे. अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे. वस्तुमानाच्या चौकोनात आकडा लिहायला पेन उचलले आणि तिथेच काम अडले, कारण माझ्या टिपणवहीत या एकाच चौकोनासाठी चार आकडे जमले होते.

१९८१ साली आर१३६ए हा ठिपका एकच तारा समजून त्याच्या अतिनील वर्णपटावरून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २५०० पट असावे, असे मांडले गेले. १९८५ मध्ये स्पेकल व्यतिकरणमापनाने, म्हणजे वातावरणाच्या थरथरीला चकवण्यासाठी अत्यंत अल्पकाळाच्या असंख्य प्रतिमा घेऊन त्यांतून बारीक तपशील काढण्याच्या पद्धतीने, त्याच ठिपक्यात एका कोनीय सेकंदाच्या आत आठ तारे वेगळे दिसले. त्या अंतरावर एक कोनीय सेकंद म्हणजे जवळजवळ पाऊण प्रकाशवर्ष होते, तेव्हा गर्दी असूनही ती एकच वस्तू दिसली यात नवल नाही. पुढे २०१० मध्ये त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे, म्हणजे आर१३६ए१ चे वस्तुमान २६५ सूर्यांएवढे ठरले, आणि जन्माच्या वेळी ते ३२० असावे असा अंदाज आला. २०२० च्या विश्लेषणात ते २१५ झाले. २०२२ मध्ये चिलीतील जेमिनी साउथ या ८.१ मीटर दुर्बिणीवरील झोरो या उपकरणाने आणखी स्पष्ट प्रतिमा मिळाल्या, आणि त्यांवरून ते १७० ते २३० च्या दरम्यान असल्याचे दिसले.

आपली नजर जितकी तीक्ष्ण झाली तितका हा तारा हलका होत गेला. आज चौकोन रिकामाच ठेवला आहे. वस्तुमान नेमके कसे काढतात हे नीट समजल्याशिवाय तो भरणार नाही.

९ ऑगस्ट

आर१३६ए१ भोवती फिरणारा आणि त्याला तराजूत घालायला उपयोगी पडेल असा जोडीदार हाती लागलेला नाही, त्यामुळे त्याचे वस्तुमान कोणी थेट मोजलेले नाही. ते प्रकाशावरून काढलेले आहे. पायऱ्या अशा आहेत : वर्णपटावरून तापमान, तापमान आणि दिसणारी प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) यांवरून एकूण तेजस्विता, आणि मग एवढी तेजस्विता देण्यासाठी ताऱ्याच्या अंतरंगाच्या गणिती प्रतिकृतीला किती वस्तुमान लागते, त्याचा हिशेब. या साखळीतला शेवटचा दुवा म्हणजे वस्तुमान, त्यामुळे आधीच्या प्रत्येक दुव्यातली चूक त्याच्या माथी येते.

ही साखळी स्वतः एकदा करून पाहावी म्हणून मी बसलो, आणि दुसऱ्याच पायरीवर आपटलो. अंतर आणि मधल्या धुळीने गिळलेला प्रकाश हिशेबात धरला की या ताऱ्याची दृश्य प्रकाशातील निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर ठेवले तर दिसेल ती, उणे ८ च्या आसपास येते. सूर्याची ४.८ आहे. दोन्हींतील फरकावरून तेजस्विता काढली तर ती सूर्याच्या १ लाख ३५ हजार पट आली. अपेक्षित आकडा साठ लाखांच्या घरातला होता. संध्याकाळभर आकडेमोड तपासली, ती बरोबर होती; चुकला होता तो विचार. ४६,००० केल्विन तापमानाच्या पृष्ठभागाचे प्रारण सर्वाधिक तीव्र असते ते ६३ नॅनोमीटरला, म्हणजे खोल अतिनील पट्ट्यात. आपल्या डोळ्यांना जो प्रकाश दिसतो तो अशा ताऱ्याच्या एकूण उधळणीतली किरकोळ चिल्लर आहे. या तापमानाला दृश्य प्रतीत सुमारे ४.१ प्रतींची दुरुस्ती करावी लागते, म्हणजे तेजस्विता चाळीसपटींहून अधिक वाढते, आणि ती केल्यावर माझा आकडा छप्पन लाखांवर पोचला. प्रकाशित आकडा ६२ लाख आहे. हाताने केलेल्या हिशेबाला एवढी जवळीक पुरे.

तापमान मिळते ते वर्णरेषांच्या जोरावरून. अणूंचे आयनीभवन तापमानावर कसे अवलंबून असते याचे समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिले, आणि कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू किती इलेक्ट्रॉन गमावून बसले आहेत यावरून ताऱ्याची धग वाचण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. आर१३६ए१ सारख्या ताऱ्याच्या बाबतीत रेषा स्थिर पृष्ठभागातून न येता वाहत्या वाऱ्यातून येतात, त्यामुळे साहांचे समीकरण जसेच्या तसे लावता येत नाही आणि संगणकीय प्रतिकृती लागतात. पण हेलियम आणि नायट्रोजन यांच्या वेगवेगळ्या आयनांची तुलना करायची, हे मूळ सूत्र तेच राहते.

१० ऑगस्ट

कालच्याला जोडून एक छोटी टीप. दृश्य प्रत तीच ठेवून तापमान बदलले तर अशा अतितप्त ताऱ्याची काढलेली तेजस्विता साधारण तापमानाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २०१० च्या अभ्यासात तापमान सुमारे ५३,००० केल्विन धरले होते, २०२० मध्ये ४६,०००. या दोन तापमानांच्या गुणोत्तराचा घन दीडच्या आसपास भरतो. प्रकाशित तेजस्विता ८७ लाखांवरून ६२ लाखांवर आल्या, म्हणजे १.४ पट फरक. तारा तिथेच होता, तसाच होता. तापमानाचा अंदाज सात हजारांनी उतरला आणि पन्नास सूर्यांचे वस्तुमान कागदावरून नाहीसे झाले.

१४ ऑगस्ट

आजचा दिवस एडिंग्टन मर्यादेचा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे.

प्रकाशाला दाब असतो. सूर्याच्या पृष्ठभागावर तो इतका क्षुल्लक आहे की हिशेबात धरला नाही तरी चालते, पण तेजस्विता वाढत गेली की बाहेर निघालेले प्रारण इलेक्ट्रॉनांना ढकलत ढकलत वायूला वर रेटू लागते, आणि एका टप्प्यावर हा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला येतो. त्या टप्प्यापलीकडे तारा आपला वायू धरून ठेवू शकत नाही. सूर्यासारखे हायड्रोजनचे प्रमाण धरून मी स्थिरांक घालून पाहिले, तेव्हा ही मर्यादा दर सौर वस्तुमानामागे सुमारे ३८,००० सौर तेजस्विता एवढी आली. म्हणजे सूर्य आपल्या मर्यादेच्या अडतीस हजाराव्या हिश्श्यावर निवांत जळतो आहे. आर१३६ए१ साठी २१५ सौर वस्तुमान धरले तर मर्यादा जवळजवळ ८३ लाख येते आणि प्रत्यक्ष तेजस्विता ६२ लाख आहे, म्हणजे हा तारा मर्यादेच्या पाऊणपट उंचीवर जळतो.

मग गंमत म्हणून पृष्ठभागावरचे गुरुत्व काढले. तेजस्विता व तापमान यांवरून त्रिज्या सूर्याच्या ३९ पट येते. एवढ्या त्रिज्येवर २१५ सूर्यांचे वस्तुमान ठेवले तर पृष्ठभागावरचे गुरुत्वीय त्वरण सेकंदाला सेकंदाला ३८ मीटर होते. सूर्यावर ते २७४ आहे. त्यातले पाऊण प्रकाशाच्या रेट्याने खाऊन टाकले की उरते ९.६. पृथ्वीवर आपण ९.८ मध्ये वावरतो. दोनशेहून अधिक सूर्य एकत्र केलेल्या वस्तूच्या पृष्ठभागावरचा वायू आपल्या अंगणातल्या दगडाएवढ्याच ओढीने धरून ठेवलेला आहे, हे पाहून मी आकडे दोनदा तपासले. योगायोग आहे, पण तक्त्याच्या कोपऱ्यात तो छापणार आहे. सरासरी घनता तर आणखी चकित करणारी निघाली : घनमीटरला पाच किलोग्रॅम, म्हणजे आपण श्वासात घेतो त्या हवेच्या चौपट.

१६ ऑगस्ट

परवाच्या हिशेबातून एक अडचण उघडी पडली, आणि ५ तारखेला अडलेल्या चौकोनाचे कारण बहुधा तीच आहे.

सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांत तेजस्विता वस्तुमानाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढते. तिथे तेजस्वितेत १.४ पट चूक झाली तरी वस्तुमानात दहा टक्केच चूक होते. घाताचा मोठेपणा चूक दाबून टाकतो. पण मर्यादेच्या जवळ गेल्यावर तेजस्वितेला एवढ्या जोराने वाढायला जागाच उरत नाही, कारण मर्यादा स्वतः वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते आणि ताऱ्याला तिच्या खालीच राहायचे असते. त्यामुळे घात दोनच्या खाली उतरून एककडे सरकतो. आर१३६ए१ चे दोन अभ्यास समोरासमोर ठेवले तर तेजस्वितेतल्या १.४ पट फरकामागे वस्तुमान २६५ वरून २१५ वर, म्हणजे सव्वापटीच्या आसपास हलले आहे. प्रकाशाचा जो वरचष्मा या ताऱ्यांना इतर ताऱ्यांपासून वेगळे करतो, तोच आपल्या हातातला तराजू बोथट करतो. चौकोनात एक आकडा लिहिणे त्यामुळे चूकच ठरले असते.

२० ऑगस्ट

आयुष्याचा रकाना. सोपा वाटला होता. इंधन वस्तुमानाच्या प्रमाणात आणि खर्च तेजस्वितेच्या प्रमाणात, म्हणून सूर्याच्या हजार कोटी वर्षांना २१५ ने गुणून ६२ लाखांनी भागले. उत्तर साडेतीन लाख वर्षे आले. अशा ताऱ्यांचे मान्य आयुष्य वीस ते तीस लाख वर्षांचे आहे आणि आर१३६ मधले तारेच मुळी दहा ते वीस लाख वर्षांचे आहेत. माझ्या हिशेबाने ते आधीच संपायला हवे होते.

चूक सूर्याकडून उसनी घेतली होती. सूर्य आपल्या आयुष्यात मध्यभागातला जेमतेम दहावा हिस्सा हायड्रोजन जाळतो, कारण त्याच्या गाभ्यातला वायू ढवळला जात नाही आणि वरच्या थरांतले इंधन भट्टीपर्यंत पोचत नाही. जड ताऱ्यात कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या मध्यस्थीने चालणारे संमीलन चक्र तापमानाला अतिशय संवेदनशील असते. सगळी उष्णता अगदी मध्यभागी निर्माण होते, ती नुसत्या प्रारणाने वर नेणे शक्य होत नाही, म्हणून गाभा उकळत्या पातेल्यासारखा ढवळत राहतो; आणि दोनशे सूर्यांच्या ताऱ्यात हा ढवळणारा गाभा जवळजवळ सगळा तारा व्यापतो. त्यामुळे बहुतेक सगळे इंधन जळते. मग सरळ ऊर्जेचाच हिशेब केला : २१५ सौर वस्तुमानाच्या सात दशांश भागाएवढा हायड्रोजन, त्यातला ०.७ टक्का ऊर्जेत बदलणारा, भागिले ६२ लाख सौर तेजस्विता. उत्तर २५ लाख वर्षे. रकाना भरला.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. तेजस्विता वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढू लागली की खर्च आणि शिल्लक एकाच पटीने वाढतात आणि आयुष्य कमी होणे जवळजवळ थांबते. शंभर सूर्यांचा तारा असो वा दोनशे सूर्यांचा, दोघांनाही पंचवीस-तीस लाख वर्षेच मिळतात. सूर्य वर्षभरात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी आर१३६ए१ पाच सेकंदांत टाकतो. हे वाक्य तक्त्यावर ठळक अक्षरांत जाईल.

२४ ऑगस्ट

वाऱ्याबद्दल. हा रकाना मूळ आराखड्यात नव्हता, आज घातला.

१८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत शार्ल वोल्फ आणि जॉर्ज रायेट यांना हंस तारकासमूहात तीन तारे असे सापडले की ज्यांच्या वर्णपटात नेहमीच्या काळ्या रेषांऐवजी रुंद, तेजस्वी पट्टे होते. हे पट्टे ताऱ्यातून चहूकडे सुटलेल्या दाट वायूचे असतात. आर१३६ए१ चा वर्णपट त्याच घराण्यातला दिसतो, पण त्यात हायड्रोजनही आहे. म्हणजे तो म्हातारा, सोललेला तारा नसून ऐन तारुण्यातच वाऱ्याच्या बुरख्याआड गेलेला आहे.

वाऱ्याची खूण सर्वांत स्पष्ट दिसते ती पी सिग्नी या ताऱ्यावरून नाव पडलेल्या रेषेच्या आकारात. एका रेषेचा आलेख मी आज मोठा करून काढला. डावीकडे, निळ्या बाजूला, एक खड्डा असतो : तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधल्या, आपल्या दिशेने धावणाऱ्या वायूने शोषलेल्या प्रकाशाचा. त्याला चिकटून उजवीकडे एक उंचवटा असतो : तो ताऱ्याच्या आजूबाजूच्या वायूतून विखरून आलेल्या प्रकाशाचा. खड्ड्याची निळी कड मूळ स्थानापासून जितकी दूर, तितका वाऱ्याचा वेग जास्त. आणि आर१३६ए१ साठी तो सेकंदाला सुमारे २,६०० किलोमीटर आहे. हा वारा प्रकाशच ढकलतो, पण इलेक्ट्रॉनांमार्फत नव्हे, तर लोह, कार्बन, नायट्रोजन यांसारख्या मूलद्रव्यांच्या आयनांमार्फत, ज्यांना ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश पकडता येतो. आयन वेग घेऊ लागला की डॉप्लर परिणामामुळे त्याला लागणारी तरंगलांबी किंचित सरकते आणि खालच्या आयनांनी न वापरलेला ताजा प्रकाश त्याला मिळतो. त्यामुळे तो आणखी वेग घेतो. ही युक्ती इतकी सुबक आहे की ती समजल्यावर मी थोडा वेळ नुसताच आलेखाकडे पाहत बसलो.

हिशेब : दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे वीस हजारावा हिस्सा, म्हणजे सोळा-सतरा पृथ्वींएवढा ऐवज वाऱ्यावर जातो. प्रकाशरूपाने जाणारे वस्तुमान वर्षाला पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याएवढे भरते. ज्याने ढकलायचे तो प्रकाश स्वतः थोडेच नेतो आणि वायूला मात्र शंभराहून अधिक पट नेतो.

लोहासारखी जड मूलद्रव्ये कमी असतील तर वाराही मंद होतो. विश्वातले पहिले तारे फक्त हायड्रोजन व हेलियम यांचे होते, त्यामुळे त्यांना असा वारा जवळजवळ नव्हताच आणि त्यांनी आपले वस्तुमान शेवटपर्यंत राखले असावे. मोठ्या मॅजेलानिक मेघात या मूलद्रव्यांचे प्रमाण आपल्या सूर्याच्या निम्मे आहे, आणि आर१३६ए१ चे भवितव्य मांडताना ते विसरून चालत नाही.

३० ऑगस्ट

आज थेट वजन केलेल्या ताऱ्यांच्या ओळी भरल्या, आणि मन बरेच स्थिर झाले. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, दोघांच्या रेषांचे मागेपुढे सरकणे मोजता येत असेल आणि ते एकमेकांना आळीपाळीने झाकत असतील, तर केप्लरचा नियम वस्तुमान हातात देतो. तिथे तापमानाचा अंदाज नाही, धुळीची दुरुस्ती नाही, प्रतिकृती नाही.

डब्ल्यूआर २०ए : ८३ आणि ८२ सौर वस्तुमान, परिभ्रमणकाळ ३.६९ दिवस. मी अंतर काढून पाहिले तर ते पृथ्वी व सूर्य यांतील अंतराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे आले. प्रत्येकी वीसएक सौर त्रिज्येचे दोन गोळे जवळजवळ खांद्याला खांदा लावून चार दिवसांच्या आत एक फेरी पुरी करतात. एनजीसी ३६०३ या तारकागुच्छातील ए१ ही जोडी : काळ ३.७७ दिवस, वस्तुमाने ११६ आणि ८९, पहिल्यात अधिक-उणे ३१ आणि दुसऱ्यात अधिक-उणे १६. हा आकडा २००८ चा.

मेलनिक ३४ ची ओळ भरताना मात्र थांबावे लागले. १५५ दिवसांच्या या जोडीची वस्तुमाने १३९ आणि १२७ अशी दिली जातात आणि ती केप्लरच्या नियमाने आली असतील असे मी धरून चाललो होतो. तसे नाही. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते माहीत नसेल तर नियम फक्त किमान वस्तुमान देतो, आणि या जोडीत ते ६५ व ६० आहे; मोठे आकडे वर्णपटाच्या विश्लेषणातून आले आहेत. कल चुकला की काय होते याचे उदाहरण टॅरेंटुला तेजोमेघातच आहे : आर१४५ या जोडीतील मुख्य तारा ३०० सूर्यांएवढा असावा असे एकेकाळी वाटत होते, आणि २०१७ मध्ये कक्षा नीट बसवल्यावर दोन्ही तारे ५३ व ५४ भरले. तीनशेचे त्रेपन्न. हा तारा माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. आज तो यादीतून गेला.

४ सप्टेंबर

ईटा कॅरिनी. तक्त्यातली ही एकच ओळ अशी आहे की जिच्यातले नाट्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. सुमारे ७,५०० प्रकाशवर्षांवरचा हा तारा डिसेंबर १८३७ मध्ये एकाएकी उजळलेला जॉन हर्शेल यांना केप ऑफ गुड होप येथून दिसला, आणि मार्च १८४३ मध्ये तो अगस्त्यालाही मागे टाकून व्याधाच्या खालोखाल आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा झाला. १८५८ च्या सुमारास तो मंदावला आणि पुढे नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. त्या दोन दशकांत त्याने किमान दहा सूर्यांएवढा वायू उधळून दिला, तो आज दोन फुग्यांच्या आकाराचा होमंक्युलस तेजोमेघ होऊन सेकंदाला सुमारे ६५० किलोमीटर वेगाने पसरतो आहे. एवढे होऊनही तारा शाबूत आहे. स्फोटाने तारे मरतात असे आपण धरून चालतो. हा अतिनवताऱ्याच्या तोडीची उधळण करून पुन्हा जागेवर बसला.

तो एकटा नाही. १९९६ मध्ये ब्राझीलचे ऑगस्तो दामिनेली यांनी त्याच्या वर्णपटातला साडेपाच वर्षांचा ठेका ओळखला, आणि त्यावरून जोडीदाराची कल्पना पक्की झाली. मुख्य ताऱ्याचे वस्तुमान शंभर सूर्यांच्या आसपास धरतात. २०१२ मध्ये त्या महाउद्रेकाचा प्रकाश आजूबाजूच्या धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेला पकडता आला. म्हणजे हर्शेलच्या काळातली घटना आजच्या वर्णपटमापकाखाली आली. तो वर्णपट अपेक्षेपेक्षा थंड, ५,००० केल्विनच्या आसपासचा निघाला. उद्रेक कशाने झाला याचे एकमताचे उत्तर अजून नाही, त्यामुळे तक्त्यात कारणाचा रकाना उघडण्याचा मोह आवरला.

७ सप्टेंबर

तारा किती जड होऊ शकतो? आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या आर्चेस तारकागुच्छावरून २००५ मध्ये १५० सौर वस्तुमानाची वरची मर्यादा सुचवली गेली होती. आर१३६ ने ती पाच वर्षांत वादात आणली. टॅरेंटुला तेजोमेघाच्या सर्वेक्षणातही तीसहून अधिक सौर वस्तुमानाचे तारे नेहमीच्या वाटणीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतानाच प्रकाशाने येणारा वायू परत लोटायला हवा, ही जुनी शंका ताऱ्याभोवतीच्या चकतीतून वायू आत येतो आणि प्रकाश ध्रुवांकडून निसटतो, या उत्तराने बरीचशी मिटली आहे. याहून जास्त जागा तक्त्यात नाही.

११ सप्टेंबर

शेवटचा रकाना. हेलियमचा गाभा ६५ ते सुमारे १३० सौर वस्तुमानाच्या दरम्यान उरला तर प्रकाशाचाच घात होतो. गाभ्याचे तापमान अब्ज केल्विनच्या घरात गेले की गॅमा किरण इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोड्यांत बदलू लागतात. जो प्रकाश आतापर्यंत ताऱ्याला उचलून धरत होता तो द्रव्य होऊन बसतो, दाब अपुरा पडतो, गाभा कोसळतो, आणि ऑक्सिजन इतक्या वेगाने जळतो की संपूर्ण तारा उधळला जातो. मागे न्यूट्रॉन तारा नाही, कृष्णविवरही नाही. ही कल्पना १९६० च्या दशकातली आहे.

याचा अर्थ साधारण ६५ ते १३० सूर्यांच्या दरम्यानची कृष्णविवरे एका ताऱ्यापासून थेट तयार होऊ नयेत. पण २१ मे २०१९ रोजी लायगो आणि व्हर्गो या शोधयंत्रांनी पकडलेल्या गुरुत्वीय लहरी सुमारे ८५ व ६६ सूर्यांच्या कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आल्या होत्या, आणि त्यातून १४२ सूर्यांचे कृष्णविवर झाले. ८५ हा आकडा नको तिथे बसतो. ते आधीच्या एखाद्या विलीनीकरणातून आले असेल, हा एक मार्ग; गाभ्यातल्या अभिक्रियांचे दर आपण समजतो तसे नसतील, हा दुसरा.

१४ सप्टेंबर

तक्ता पूर्ण केला. वस्तुमानाच्या रकान्याचे दोन भाग केले : ‘कक्षेवरून’ आणि ‘प्रकाशावरून’. ज्यांचे वजन कक्षेवरून झाले त्यांना वर ठेवले, मग आकडा लहान असला तरी चालेल. त्यामुळे एनजीसी ३६०३ चा ए१ पहिल्या ओळीत आला आणि डब्ल्यूआर २०ए दुसऱ्या. मेलनिक ३४ च्या ओळीत दोन्ही भाग भरले आहेत : डावीकडे ‘किमान ६५ व ६०’, उजवीकडे ‘१३९ व १२७’.

आर१३६ए१ चौथ्या ओळीत आहे. कक्षेवरून : रेघ. प्रकाशावरून : १७० ते २३०, २०२२. तेजस्विता : सुमारे ६२ लाख सूर्य. तापमान : सुमारे ४६,००० केल्विन. त्रिज्या : ३९ सूर्य. आयुष्य : सुमारे २५ लाख वर्षे. वारा : वर्षाला सोळा-सतरा पृथ्वी, म्हणजे याच वेगाने पुढच्या दहा लाख वर्षांत ५० सूर्य. शेवट : बहुधा कृष्णविवर, हेलियमचा गाभा ६५ च्या वर राहिला तर काहीच नाही.